तण काढू नये

आमच्याकडे लग्नकार्याला माणसं जमली, जेवणं उरकली, सुपारी फिरली की कुणीतरी म्हणतंच, "ती अळशीची गोष्ट सांग गो कुंदे." मी थोडे आढेवेढे घेते आणि मग सांगते. इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या भाच्यांना ती माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. मी कुठे चुकले तर मधेच थांबवून दुरुस्त करतात. पण सांगताना लोक हसतात आणि त्या हसण्यात बरंच काही वाहून जातं. तेव्हा मी किती घाबरले होते, ते कुणाला दिसत नाही. म्हणून एकदा सगळं शांतपणे लिहून ठेवते आहे. ती भीती केव्हाच गेली, हेही आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याने उगाच काळजी करू नये.

मी शहापूरला एका कृषी विद्यालयात पदविका करत होते. घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून. आमच्या गावात शेतीचं शिकायला बाहेर जाणारी मी पहिलीच, आणि त्यामुळे पहिलं हसूही माझंच झालं. "शेती शिकाया शाळेत जायचं? मंग आमी काय करतो इथं?" असं लोक विचारत. त्यात मी एक वर्ष नापास झाले. कशात, तर मृदाशास्त्रात. मातीत जन्मले, मातीत वाढले आणि मातीच्याच पेपरात गेले. आठ दिवसांनी बा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "यंदाची खेप शेवटची. यंदा कागुद हातात आला नाय तर आसनगावच्या कंपनीत पॅकिंगला जा. तुझ्या मामाच्या पोरीनं जागा सांगून ठेवलीय." तो रागावला असता तर मी रडून भांडून काहीतरी केलं असतं. बा शांतपणे बोलला की भांडायला जागाच उरायची नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःच्या शेतावर एक प्रयोग करायचा असे. पाटकर सरांनी विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. माझ्या चिठ्ठीत निघालं: 'जवस पिकातील तणनियंत्रण व त्याचा उत्पादनावर होणारा परिणाम.' विद्यालयात जवस म्हणायचे, आमच्या घरी अळशी. बाला विषय कळल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "आळशी मानसानं अळशी लावायची! चिट्टी बरोबर घरी आली." माझं सकाळी उशिरा उठणं घरात प्रसिद्ध होतं. पुढचे चार महिने तो येणाऱ्याजाणाऱ्याला हेच ऐकवत होता, आणि दर वेळी नव्याने ठसका लागत होता.

प्रयोग तसा सोपा होता. भात कापून झाल्यावर ओलीवर शेत नांगरायचं, सारखे तीन वाफे पाडायचे आणि तिन्हीत एकाच दिवशी अळशी पेरायची. पहिला वाफा दोनदा बेणायचा, म्हणजे खुरप्याने तण काढायचं. दुसरा एकदाच बेणायचा. तिसऱ्याला हातच लावायचा नाही. अळशीचं रोप नाजूक, सुईसारखं बारीक. पहिला महिनाभर ते वर यायला धडपडत असतं आणि तण मात्र दांडगं होऊन त्याच्या डोक्यावर बसतं. कुठल्या वाफ्याने किती दाणा दिला हे शेवटी मोजलं की बेणणीची खरी किंमत कळते. सरांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "तिसरा वाफा सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोघांचं शहाणपण तिसऱ्यावरून मोजायचं आहे. तो बिघडला तर प्रयोग गेला, आणि प्रयोग गेला तर तूही गेलीस." सर बारीक अंगाचे, कायम छत्रीवाले. आवाज मात्र छत्रीत न मावणारा.

घरी पहिली लढाई वालाशी झाली. त्या तुकड्यात दर वर्षी वाल व्हायचे आणि वर्षभराचं बिरडं, म्हणजे वालाची उसळ, त्यावर चालायचं. आय म्हणाली, "बिरडं सोडून काय तेलाच्या बिया खायच्या आमी?" मी तिला अळशीच्या चटणीचे गुण सांगितले, पुस्तकातले. ती म्हणाली, "चटनी मला नको शिकवू. तुझ्या आजीनं बांधावर लावलेली अळशी मीच कुटायची." पण जमीन दिली. पेरणीच्या दिवशी बियाणं थोडं उरलं, तर बा ते पंच्यात बांधून म्हणाला, "दे इकडं. ओहळापलीकडचा तुकडा मोकळाच हाय. मी लावतो. मंग बघू, शाळेची अळशी चांगली येते का माझी." तो पलीकडे जाऊन बी फेकून आला. पुढे रोज न्याहारीला सांगायचा, "माझी आज बेनून आलो," आणि बिडी पेटवायचा. मला तेवढा वेळ नव्हता त्याच्याशी पैजा मारायला.

खरी पंचाईत सुरू झाली ती तिसऱ्या वाफ्यात हिरवं वर आल्यावर. आमचं शेत अगदी रस्त्याला. मुरबाडहून येणाऱ्या जीपा तिथे हमखास हळू व्हायच्या, कारण पुढे वळण. दोन वाफे साफ आणि शेजारीच एक रानासारखा माजलेला, हे चित्र जीपभर माणसांना दिसायचं. पांडू जीपवाला मान बाहेर काढून ओरडायचा, "ओ वयनी, घरात मानसं हायत का गेली सगली कल्यानला?" आयला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमच्याकडे बेणलेलं शेत ही बाईची अब्रू. कुणाच्या शेतात तण उभं दिसलं की त्या घरात दुखणं आलंय का, भांडण लागलंय का, अशी चौकशी सुरू व्हायची. आयने दोनदा खुरपं घेऊन तिसऱ्या वाफ्यात पाऊल टाकलं आणि दोनदा मी आडवी झाले. शेवटी मी एक फळी रंगवली आणि वाफ्याच्या डोक्याशी ठोकली: 'प्रयोग चालू आहे. या वाफ्यातील तण काढू नये.' त्याने आयची अब्रू वाचली की नाही माहीत नाही, पण फळी गाजली. आठवड्याभरात पांडूच्या जीपमध्ये लोक थांबा सांगू लागले, "मला 'तण काढू नये'ला उतरव रे."

मी तीन दिवस शहापूरला वर्गात असायची, चार दिवस घरी. घरी असले की बांबूच्या काठ्यांची एक चौकट घेऊन वाफ्यात बसायची. चौकट टाकायची, तिच्या आत किती तण, कुठलं तण, मोजायचं आणि नोंदवहीत लिहायचं. येणारीजाणारी बाई बांधावर थांबून विचारायची, "काय हरवलं गो?" पहिले दोन आठवडे माझे आकडे झोकात वाढत गेले. चिल, घोळ, रानमाठ, माका, हरळी, लव्हाळा, सगळी मंडळी हजर. मग आकडे थबकले. मग उतरायला लागले. तण असं आपणहून उतरत नाही, इतकं तर मातीत नापास झालेल्यालाही कळतं. मी चौकट बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली. कोंबड्यांवर संशय घेतला. शेजारच्या बकरीवर घेतला. एकदा पांडूवरसुद्धा घेतला, की हा मुद्दाम खोडी काढतोय. तो म्हणाला, "बाय, मला माझ्या घरचं बेनायला टाइम नाय, तुझं कशाला बेनू?" ते पटण्यासारखं होतं.

आणि त्या दिवसांत मी जेवत होते काय! आजही ती चव आठवली की मला भूक लागते. शहापूरच्या खानावळीतली पाणीदार डाळ खाऊन घरी यावं, चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असावी आणि ताटात गरम पाल्याची भाजी, वर ठेचलेला लसूण, मूठभर जवळा. कधी चिलाची, कधी घोळीची आंबूस, कधी रानमाठ. मी बोटं चाटून म्हणायची, "आये, असली भाजी शहापुरात मिळत नाय." ती म्हणायची, "घरची हाय. खा." खाऊन झालं की दारात बसवून माझ्या डोक्याला तेल लावायची. नवं तेल होतं, हिरवट, माक्याचा पाला घालून उकळलेलं. माझे केस त्या थंडीत इतके चांगले झाले होते की वर्गातल्या मुली विचारायच्या. तण कुठे जातंय या चिंतेने मी दुसऱ्यांदा भाकरी वाढून घ्यायची.

हे लिहिताना माझी मुलगी मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते आहे, "आई, तुला खरंच कळलं नाही?" नाही कळलं. आपल्या ताटात काय आहे ते बघायचं सोडून माणूस चौकटीत बघत बसला की असंच होतं. शिवाय आय पहाटे शेतावर जाऊन यायची आणि मी तेव्हा झोपलेली असायची.

सरांच्या भेटीचा निरोप आला: येत्या गुरुवारी येतो, नोंदी तयार ठेव. माझ्या वहीत तिसऱ्या वाफ्याची शेवटची पाच पानं पाहिली तर कुणीही म्हणालं असतं, या पोरीने तण काढलं आणि आता नाटक करते आहे. वर्ष जाणार हे मला लख्ख दिसलं. आसनगावच्या कंपनीतली ती जागाही दिसली. मामेबहीण डोक्याला जाळी बांधून खोक्यांवर चिकटपट्टी लावायची, तिच्या शेजारी एक स्टूल रिकामं. मग मी एक गोष्ट केली, जी लग्नकार्यात सांगताना मी पटकन उरकते. विद्यालयाच्या कपाटात जुन्या मुलांच्या प्रयोगवह्या असत. त्यातल्या एकीत तणाचे आकडे कसे चढतात ते मी बघून ठेवलं होतं. भर दुपारी, आय दळणाला गेलेली असताना, ओटीवर पालथी पडून मी पाच पानं फाडली आणि पाच नवीन लिहिली. अक्षर इतकं सुंदर आलं होतं! खऱ्या नोंदींना चिखल लागलेला असतो, अक्षर तिरकं गेलेलं असतं. त्या पाच पानांवर एक डाग नव्हता. सरांना उन्हाचा त्रास होतो, वाफा लांबून रस्त्यावरूनच दाखवायचा, असा बेत मी केला.

गुरुवारी सर भर बाराला जीपमधून उतरले. पांडूने मोठ्याने सांगितलं, "हेच 'तण काढू नये', सायेब." सरांनी फळी वाचली, खूश झाले. ओटीवर बसून पाणी प्याले आणि आधी वही मागितली. पानं उलटता उलटता म्हणाले, "छान. तिसऱ्यात तण चांगलं माजलंय की! नोंदी अगदी पुस्तकातल्यासारख्या आहेत." माझे कान तापले. तेवढ्यात आतून आयने हाक दिली, "गुरुजी, आदी दोन घास खाऊन घ्या, मंग उनात हिंडा." मला तिचा इतका आधार वाटला त्या वेळी. जेवण लांबलं तर ऊन वाढेल, सर कंटाळतील.

सरांच्या ताटात भाकरी, भाजी, अळशीची चटणी, शेजारी कांदा. बा त्यांच्या पंगतीला. सरांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि विचारलं, "वहिनी, ही भाजी कसली?"

"चिल हाय, थोडी घोळ हाय."

"फार वर्षांनी खातोय. कुठे मिळते हो इकडे?"

आय पुढे वाकून आणखी वाढत म्हणाली, "मिळते कसली, आमच्याच शेतातली हाय. त्या हिच्या न बेनायच्या वाफ्यातली."

सरांचा हात ताटावर थांबला. बाने एकदा आयकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ओरडलेच, "आये! त्यातलं तण काढू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला? फळी लावली होती ना!"

आय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाचता येतं मला. तण काढू नये लिवलंय. मी तण कुठं काढलं? भाजी काढली."

"भाजी म्हणजे तणच ना!"

"खायचं त्याला तण कोन म्हनतं? चिल, घोळ ही भाजी. हरळी काढली ती बैलाला चारा. माका तुझ्या डोक्याच्या तेलात घातला. ह्यात तण कुठलं ते सांग मला. लव्हाळ्याला मी हात लावला नाय, तो कुनी खात नाय. जा बघून ये, हाय तसा हाय!"

ती अगदी खरं बोलत होती. मला सांगितलेलं तिने अक्षरशः पाळलं होतं. माझ्या आयच्या बोलीत तण म्हणजे ज्याचा काही म्हणजे काही उपयोग नाही ते, आणि तिच्या हाताखाली असं फारच थोडं उरायचं. मी विद्यालयातून शब्द घेऊन आले होते, तो घरात कुणाला विचारलाच नव्हता. आणि महिनाभर मी माझाच प्रयोग कालवून खाल्ला होता, वर डोक्याला चोपडला होता.

सरांनी हात धुतला. ओटीवर येऊन वही पुन्हा उघडली. ती पाच पानं एकेक करून बोटाने सरकवली. "मग हे आकडे?" मी बोटाने ओटीचं सारवण खरवडायला लागले. "शेतात मोजून लिहिलेस की बसून लिहिलेस?" खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते खरं. "पालथी पडून, सर." बा एकदम हसायला लागला आणि माझं तोंड बघून तितकाच एकदम थांबला.

सरांनी वही मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाजीचं मी समजू शकतो. हे समजू शकत नाही." मी रडले नाही, पण ओढणीचं टोक चावून ओलं केलं. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं आणि त्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारून खाली लिहायला लावलं: 'या नोंदी शेतात न जाता लिहिल्या आहेत.' पाच वेळा तेच वाक्य, पाच वेळा सही. "हे मी परीक्षकांपासून लपवणार नाही," ते म्हणाले. "पुढचं ते ठरवतील. पण आता प्रयोगाचं काय? दोन वाफे आहेत. न बेणलेलं काहीच नाही. तुलना कशाशी करणार? तुमच्याकडे अशी अळशी आहे का कुठे, जिला कुणीच हात लावला नाही?"

आय म्हणाली, "नाय हो. ह्यांनी पलीकडं लावलीय, पन ते रोज बेनतात." बा आढ्याकडे बघत होता. नंतर जमिनीकडे बघायला लागला. मग कान खाजवला. आमच्या घरात बाचा शब्द म्हणजे शब्द होता, आणि पाहुण्यासमोर तर तो जास्तच ताठ बसायचा. तो खाकरला आणि म्हणाला, "हाय एक."

"कुठं?" आयने विचारलं.

"माझीच."

"तुमी रोज बेनता ना?"

"जातो रोज," बा म्हणाला. "ओहळावर आंब्याखाली बसतो. बिडी वढतो. पलीकडं काय गेलो नाय. पेरली त्या दिवशी गेलो तो गेलो."

आयने पदर तोंडाला लावला. हसू होतं की संताप, मला कळलं नाही. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "आळशी कोन हाय घरात ते कळलं आज." बाने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. चार महिन्यांचा सगळा दिमाख त्याने त्या चार-पाच वाक्यांत टाकून दिला होता. आज मी त्याच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि मला माहीत आहे, नवऱ्याला बायकोसमोर आणि बापाला मुलीसमोर असं बोलायला काय लागतं ते.

आम्ही ओहळ ओलांडून गेलो. सर छत्री मिटून धावल्यासारखे पुढे. पलीकडचा तुकडा बघून मी आयुष्यात पहिल्यांदा तण बघून खूश झाले. गुडघ्याच्या वर चिल, त्यात हरळीची जाळी, लव्हाळ्याचे झुबके. या सगळ्यातून अळशीची लांबट, पिवळी पडलेली रोपं हात वर करून श्वास घेत होती, आणि त्यांच्यावर मोजून पाचसहा निळी फुलं. "उत्तम!" सर म्हणाले. "इतकं स्वच्छ न बेणलेलं शेत मी विद्यालयातही पाहिलेलं नाही." बाला छाती फुगवावी की मान खाली घालावी ते कळेना. त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. सरांनी तिथे वाफ्याएवढाच चौकोन आखून घेतला आणि मला खरी चौकट टाकायला लावली. उन्हात बसून मी मोजलं. अंगावर कुसळं, पायाला मुंग्या. एक पान चिखलाने भरलं आणि मला ते पान अजून आठवतं.

परत आल्यावर सरांनी आणखी एक केलं. आयला समोर बसवलं आणि विचारलं, तिसऱ्या वाफ्यातून कधी कधी आणि किती भाजी काढली. मला वाटलं, ती काय सांगणार. ती सांगायला लागली आणि सरांचं पेन थांबेना. "हिचे मामा आले त्या दिवशी दोन ओट्या चिल. मंग बाजाराच्या दिवशी एक ओटी घोळ. मंग हिला पडसं झालं, तवा नाय काढली. मंग संक्रातीच्या आदल्या दिवशी..." तारीख एकही नव्हती, पण दिवस एकही चुकला नव्हता. "एक ओटी म्हणजे किती?" सरांनी विचारलं. आय उठली, परसातून पदराच्या ओटीत पाला भरून आणला आणि त्यांच्यासमोर सोडला. तो आम्ही शेजारच्या दुकानातल्या तागडीत तोलला. तिसऱ्या वाफ्याचं नाव वहीत बदललं: 'भाजी व चाऱ्यासाठी तण काढलेला वाफा.' आय म्हणाली, "परत तण लिवलं?" सरांनी तसंच ठेवलं.

अळशी कापायला आली तेव्हा चारही ठिकाणची वेगवेगळी बांधली, वेगवेगळ्या गोणपाटावर काठीने बडवली, वेगवेगळी पाखडली. दोनदा बेणलेल्या वाफ्याने डबा काठोकाठ भरला. एकदा बेणलेल्याचा डबा चार बोटं कमी राहिला. आयच्या वाफ्याचा डबा त्याच्याही किंचितच खाली. बाच्या चौकोनातली सगळी अळशी पितळी तांब्यात मावली आणि तांब्या हलवला तर वाजत होता. बा म्हणाला, "दाना बारीक हाय, पन चव असेल." मी ते आकडे लिहिले, आणि पहिल्यांदा मला त्या लांबलचक विषयाचा अर्थ कळला. पहिल्या महिन्यात रोपाला जरा श्वास घेऊ दिला तर ते पुढे स्वतःचं बघून घेतं. आज मी गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठकांत हेच सांगते, पण सुरुवात एका प्रश्नाने करते: "तुमच्या शेतात उगवलेलं काय काय तुम्ही खाता?" बायका पुढे सरकून बसतात.

तोंडी परीक्षेला बा माझ्याबरोबर शहापूरला आला. कधी न घातलेला पांढरा सदरा घालून विद्यालयाच्या बाहेर वडाखाली उभा राहिला. बाहेरगावचे परीक्षक जाडजूड, चष्म्यावरून बघणारे. पाटकर सर कोपऱ्यात बसलेले. परीक्षकांनी रेघ मारलेलं पहिलंच पान उघडलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्या पानावरचं. पाचही वाचली. मला वाटलं, पाचव्यानंतर ते वही मिटतील. त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहायला लावलं?"

"सरांनी."

"आणि आधीचे आकडे कुणी लिहायला लावले?"

"कुणी नाही. मीच."

ते पुढे गेले. तिसऱ्या वाफ्यावर थांबले. तक्ता वरून खाली वाचला, परत खालून वर. "तुमच्या आई रोज भाजी काढत होत्या?"

"जवळजवळ रोज, सर. रविवार सोडून."

"रविवारी का नाही?"

"रविवारी सुकट असते."

कोपऱ्यातून पाटकर सरांचा खोकला ऐकू आला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "न बेणलेल्या तुकड्याची निगा कोणी राखली?" मी म्हटलं, "वडिलांनी. एकही दिवस चुकवला नाही." तेव्हा मात्र त्यांच्या पोटावरची बटणं हलली. "जा बाहेर," ते म्हणाले.

बाहेर मी बाजवळ जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने पाटकर सर छत्री न उघडताच उन्हात आले आणि लांबूनच त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "पास झालीस गं! आकडे खोटे लिहिल्याबद्दल गुण कापलेत, पण झालीस!" बाने दोन्ही हात जोडले, सरांना आणि चुकून शेजारच्या शिपायालाही. मला पायाखालची जमीन जरा मऊ झाल्यासारखी वाटली. मृदाशास्त्रात असं काही नव्हतं.

परत येताना मुरबाडला माळशेजकडे जाणारी एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली. मी खिडकीशी, बा शेजारी. गाडी सुटली तेवढं आठवतं. पुढचं आठवतं ते कंडक्टरचं, "ओ पाहुणं, घाट चढून जुन्नरला जायाचं हाय का?" डोळे उघडले तर समोर डोंगर अंगावर आलेला आणि आमचं गाव केव्हाच मागे गेलेलं. बाही शेजारी तोंड उघडं टाकून घोरत होता. आम्ही धडपडत उतरलो. गाडी निघून गेली, रस्त्यावर आम्ही दोघंच.

"तू तरी उठवायचं ना," मी म्हटलं.

"मला वाटलं तू जागी हायस," बा म्हणाला. मग दोन पावलं चालून, माझ्याकडे न बघता, "महिनाभर झोप कुठं लागली हाय गो मला."

मला वाटत होतं, त्या घरात रात्री काळजीने मी एकटीच जागी असते. त्याने माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि आम्ही उलट्या वाटेने घरी चालायला लागलो. ऊन उतरलं होतं. अजिबात घाई नव्हती.